मनोरा, बुरूज, दीपमाळ, टाकी : मराठवाड्यातल्या निसर्गचित्र मालिकेच्या प्रकल्प नोंदी

4 नोव्हेंबर 2024

मालिकेत सहा फलक ठरले. दौलताबादचा चांदमिनार, नळदुर्गचा उपळ्या बुरूज, एक पडकी गढी, देवळापुढची दीपमाळ, गावची पाण्याची टाकी आणि परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या. प्रत्येक चित्रात उभा आकार एकाच जातीचा, बाकी सगळं शिवार आणि आभाळ. बिबीच्या मकबऱ्याचे मिनार यादीतून वगळले. चार कोपऱ्यांत चार मिनार उभे राहिले की ते मधल्या घुमटाची चौकट होतात, आणि एकट्या मनोऱ्यात जो ताण असतो तो तिथे सापडत नाही.

मालिकेचा धागा असा : निसर्गचित्रातला मनोरा कशाचं प्रतीक ठरतो ते तीन गोष्टींवर अवलंबून असतं. क्षितिज कुठे ओढलंय, उजेड मनोऱ्यावर पडतोय की मनोऱ्यातून निघतोय, आणि पाहणारा कुठे उभा आहे. या तीन गोष्टी हलवल्या की तोच आकार कधी गर्व होतो, कधी वाटाड्या, कधी पहारेकरी, कधी नुसता अवशेष. मराठवाड्याला समुद्र नाही, म्हणून दीपगृहही नाही. पण सपाट माळ आहे, लांबचं क्षितिज आहे आणि त्यावर उभ्या रेषा मोजक्या आहेत. हा विषय तपासून पाहायला याहून चांगली जमीन मिळणार नाही.

फलक : 9 मिमी मरीन प्लाय, 45 × 60 सेंमी. तीन उभे, तीन आडवे. अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात. पहिला पातळ, तीन भाग जेसो आणि एक भाग पाणी. पुढचे दोन घट्ट, एक आडवा एक उभा. प्रत्येक हात वाळल्यावर 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासणं. पाठीला आणि कडांनाही तेवढेच हात द्यायचे. एकाच बाजूला जेसो चढला तर इथल्या कोरड्या हवेत फलक त्या बाजूला वाकतो आणि मनोऱ्याची सरळ रेघ चौकटीत बसवल्यावर धनुष्यासारखी दिसते. शेवटी टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रॉ अंबरचा (मातकट तपकिरी रंग) एक हात, म्हणजे पांढऱ्या जमिनीवर रंगांची गडद-उजळ पारख चुकत नाही.

8 नोव्हेंबर

जुन्या चित्रांचा अभ्यास, चांगल्या छापील प्रतींवरून.

यान व्हान आयकच्या 1437 सालच्या ‘संत बार्बरा’मध्ये मनोरा अजून बांधून व्हायचा आहे. फलक जेमतेम फूटभर उंच, बहुतेक सगळं काम बारीक रेखाटनाचं. बार्बराला बापानं मनोऱ्यात कोंडलं, तिनं तिथे तिसरी खिडकी पाडून घेतली, आणि त्या तीन खिडक्या ख्रिस्ती त्रयीची खूण झाल्या, अशी कथा आहे. आपल्याकडे हातात डमरू दिसला की शंकर ओळखावा, तसा मनोरा दिसला की बार्बरा. व्हान आयकनं मात्र ही खूण तिच्या हातात न देता मागच्या मोकळ्या जागेत खऱ्या आकाराची उभी केली आणि तिच्याभोवती पाथरवट, मजूर, बांधकामाची धांदल मांडली. चिन्ह शिवारात उतरल्यावर त्याला क्षितिज आलं, हवा आली, माणसांशी माप जुळलं. पुढच्या सगळ्या मनोऱ्यांचं मूळ इथे शोधता येतं.

ब्रूगेलचा ‘बाबेलचा मनोरा’ (बायबलच्या कथेत माणसांनी आभाळाला भिडवायला घेतलेला) 1563 चा, व्हिएन्नात आहे, 114 × 155 सेंमी. मनोरा जवळजवळ सगळा फलक व्यापतो आणि पायथ्याचं शहर त्याच्यापुढे किरकोळ दिसतं. वरचा भाग ढगांत गेलाय, पण खालचेही काही भाग अपुरेच आहेत. सगळा डोलारा डावीकडे किंचित कललेला आहे. गर्व उंचीतून येतो, पण तो टिकणार नाही ही भीती त्या कलण्यातून येते. यातून घेण्याची गोष्ट : मनोरा मधोमध आणि मोठा ठेवायचा तर त्याला तेवढंच सबळ कारण हवं. कारण नसताना मधोमध ठेवला की चित्राचे दोन सारखे तुकडे पडतात, आणि डोळा डावीकडून उजवीकडे जायचंच टाळतो.

कास्पार डाव्हिड फ्रीडरिखच्या ‘ग्राइफ्सवाल्डजवळची कुरणं’ या चित्रात बरोबर उलट रचना आहे. 1821-22 च्या सुमाराचं, हाम्बुर्गच्या संग्रहातलं छोटं चित्र. पुढे हिरवं कुरण आणि घोडे, आणि क्षितिजावर फिकट उजेडात गावातल्या चर्चचे मनोरे. ते इतके लहान आणि धूसर आहेत की त्यांच्यावर एकही गडद ठिपका नाही. म्हणूनच ते पोचायची जागा वाटतात. दूरचा मनोरा आस लावतो, जवळचा दडपतो. मधल्या अंतरावरचा मनोरा बहुतेक वेळा काहीच बोलत नाही, आणि नवशिक्यांची चित्रं नेमकी तिथेच अडकतात.

कॉन्स्टेबलचं ‘हॅडली कॅसल’ 1829 चं. टेम्सच्या मुखावरचा फुटका बुरूज. त्यानं मूळ रेखाटन 1814 मध्ये केलं होतं. मोठं चित्र मात्र पत्नी मारिया नोव्हेंबर 1828 मध्ये क्षयानं गेल्यानंतर पूर्ण झालं. बुरूज वरून खालपर्यंत चिरलेला आहे आणि त्या चिरेतून आभाळ दिसतं. पडका मनोरा काढताना लोक विटा-दगड मोजत बसतात. इथे दुःख दगडांत नाही, चिरेतून दिसणाऱ्या उजेडात आहे. गढीच्या फलकासाठी हे चित्र समोर ठेवायचं.

11 नोव्हेंबर

दीपगृहं. फ्रेंच चित्रकार वेर्नेच्या अठराव्या शतकातल्या वादळांच्या चित्रांत कड्यावरचं दीपगृह पुन्हापुन्हा येतं. खाली गलबत फुटतंय आणि वर दगडी मनोरा ढिम्म उभा. तो वाचवत नाही. माणसाचं शहाणपण कुठवर पोचतं आणि कुठे संपतं याची ती खूण आहे.

टर्नरनं 1819 मध्ये बेल रॉक दीपगृहाचं जलरंगचित्र केलं. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, भरतीच्या वेळी बुडणाऱ्या खडकावरचं हे दीपगृह 1811 मध्ये पहिल्यांदा उजळलं. टर्नरनं मनोरा लाटांच्या फेसात उभा केला, जमीन दाखवलीच नाही. दीपगृहाखालची जमीन काढून घेतली की त्याचा एकटेपणा आपोआप बोलतो.

उजेडाच्या झोताबद्दल एक ऐतिहासिक खबरदारी. फ्रेनेलचं भिंग, म्हणजे दिव्याचा उजेड एका झोतात गोळा करणारी काच, पहिल्यांदा 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात बसलं. त्याआधी दीपगृहात उघडा जाळ, मेणबत्त्या, किंवा परावर्तक लावलेले तेलाचे दिवे असत. जुन्या काळाचं दृश्य काढताना काठीसारखा घट्ट झोत दाखवला तर काळ चुकतो. आणि भिंग असलं तरी झोत बाजूनं दिसायला हवेत धुकं, पाऊस किंवा धूळ लागते. स्वच्छ हवेत लांबून दिसतो तो नुसता ठिपका.

हॉपरचं ‘टू लाइट्सचं दीपगृह’ 1929 चं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. भर दिवस, दिवा बंद, समुद्र चित्रात कुठेच नाही. टेकाडावरचा पांढरा मनोरा खालून पाहिलाय आणि त्यावर कोरडं ऊन पडलंय. इथे उजेड देणाऱ्यावरच उजेड पडतो. आपल्या मालिकेला सगळ्यांत जवळचं चित्र हेच, कारण समुद्र वगळूनही दीपगृहाचा अर्थ टिकतो हे त्यानं दाखवून दिलंय.

मोंद्रियाननं 1908 ते 1910 या काळात नेदरलँड्समधल्या वेस्टकपेलचं दीपगृह अनेकदा रंगवलं. तो मनोरा मुळात पंधराव्या शतकातल्या चर्चचा. चर्च 1831 च्या आगीत गेलं, मनोरा राहिला आणि दीपगृहाचं काम करत राहिला. देवाच्या दारातली वास्तू दिवा धरते, ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

15 नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

गावातल्या महादेवाच्या देवळापुढची दीपमाळ, काळ्या दगडाची. खाली चौकोनी चौथरा, त्यावर अष्टकोनी बैठक, वर निमुळता गोल खांब आणि त्यातून बाहेर आलेले पणत्या ठेवायचे दगडी हात. एका थरात बारा हात.

रेखाटन दुपारीच उरकून ठेवणं भाग आहे. सहाच्या आसपास पश्चिमेला तांबडा उजेड आणि पूर्वेला उगवलेला चंद्र एकाच वेळी मिळतो, आणि ही वेळ फार थोडी असते. तेव्हा फक्त रंगांच्या नोंदी घ्यायच्या, आकारात हात घालायचा नाही.

बारा हातांची मांडणी : दोन हातांमध्ये 30 अंश. समोरून सात दिसतात. मधला हात शून्यावर धरला तर दोन्ही बाजूंच्या हातांची अंतरं त्रिज्येच्या 0.5, 0.87 आणि 1 पट येतात. म्हणजे कडेला हात दाटतात. सारख्या अंतरावर काढले की गोल खांबाची सपाट फळी होते. दीपमाळेच्या चित्रांत सर्वाधिक बिघडतं ते हेच. शिवाय कडेचे हात खांबाच्या बाहेर पूर्ण लांबीनं दिसतात, तर मधला आपल्याकडे रोखलेला असल्यानं त्याचं नुसतं तोंड दिसतं. डोळ्याच्या पातळीच्या वरचे थर कमानीसारखे वर वाकतात आणि जितके उंच तितका बाक जास्त.

जवळून पाहिलेला एक हात. वरच्या खळग्यात पणती, तिच्यामागे खांबावर काजळीचा उभा पट्टा. खाली करडईच्या तेलाचा ओघळ, त्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसून तपकिरी, चिकट झालेला. दिवसा हा ओघळ म्हणजे सगळ्या दगडावरची सर्वांत गडद जागा. रात्री तोच खालच्या थरातल्या ज्योतीचा उजेड पकडतो आणि दगडावर उजळ रेघ होऊन चकाकतो. दिवसाच्या फोटोवरून रात्रीचं चित्र केलं तर ही उलटापालट हमखास सुटते.

ज्योती सगळ्या एकाच बाजूला झुकलेल्या. वाऱ्याच्या तोंडावरच्या काही पणत्या विझलेल्या, आणि त्या विझलेल्याच ठेवायच्या. सगळ्या पेटवल्या, सगळ्या ज्योती सरळ काढल्या, की चित्रातली हवाच जाते.

उजेडाचं गणित, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्या धरून : आभाळ 2 ते 3, चांदण्यातला दगड 4, ज्योतीभोवतीचं वलय 6 ते 7, ज्योतीचा गाभा 9 ते 10. गाभा अगदी लहान, टायटॅनियम व्हाइटमध्ये थोडा कॅडमियम यलो लाइट. वलय यलो ऑकर आणि कॅडमियम ऑरेंजचं, कडेकडे बर्न्ट सिएना. उजेड कमी वाटला तर आणखी पांढरा घालण्याचा मोह होतो; त्यानं ज्योत खडूसारखी कोरडी दिसते. त्याऐवजी भोवतीचा दगड अर्धी पायरी खाली न्यायचा. काळा दगड तयार काळ्या रंगानं करायचा नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर. चांदण्याच्या बाजूला अल्ट्रामरीन जास्त, पणत्यांच्या बाजूला अंबर जास्त.

आता अर्थाचा मुद्दा. दीपगृह समुद्रावरच्या माणसाला सांगतं, खडक इथे आहे, लांबून जा. दीपमाळ सांगते, देऊळ इथे आहे, या. म्हणून दीपगृहाच्या चित्रात पाहणारा आणि दिवा यांच्यामध्ये काळोख आणि पाणी असतं. दीपमाळेच्या चित्रात तिथे वाट हवी, चौथऱ्यावर सांडलेला उजेड हवा, पाठमोरी माणसं हवीत. दीपमाळेचा उजेड जमिनीवर उतरला नाही तर ती काळ्या पाण्यातलं दीपगृह वाटते, आणि अर्थ पार फिरतो.

24 नोव्हेंबर

दीपमाळेच्या फलकाचा पहिला थर दिला. वाट खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत घेतली. खांब उजव्या तिसऱ्या भागात. कॅडमियमचे रंग वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासायचे नाहीत, त्यांची धूळ विषारी असते.

7 डिसेंबर

चांदमिनार. 1445 मध्ये बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहाच्या काळात उभा राहिला. चार टप्पे, मध्ये गोल सज्जे. किल्ल्याच्या दाराकडून पाहिलं की मिनार पुढे आणि देवगिरीचा ताशीव डोंगर मागे. सकाळचं ऊन मिनाराच्या अंगावर येतं.

हा विजयाचा मनोरा. पण मागचा डोंगर सुमारे दोनशे मीटर उंच, त्यामुळे कुठे उभं राहायचं यावर सगळं ठरतं. मिनाराच्या जवळ गेलं की तो डोंगराच्या माथ्यावरून आभाळात निघतो, म्हणजे जिंकणारा जिंकलेल्याच्या वर. मागे सरकलं की डोंगर वाढत जातो आणि मिनार त्याच्या कुशीतली बारीक काडी होतो. तीनशे-चारशे पावलांत राजसत्तेचं चित्र डोंगराच्या थोरवीचं चित्र होतं. आमच्या फलकात मिनाराचा फक्त वरचा टप्पा डोंगरमाथ्याच्या रेषेवर चढवला, बाकी सगळा डोंगरावर. दोघांतला झगडा तसाच राहू दिला.

मापं घ्यायची रीत : डोळ्यापासून 57 सेंमीवर धरलेल्या पट्टीवरचा 1 सेंमी म्हणजे जवळपास 1 अंश. बहुतेकांचा हात सरळ केला की एवढंच अंतर होतं. मिनाराच्या उंचीच्या तिप्पट लांब उभं राहिलं तर माथा साधारण 18 अंशांवर येतो. दुप्पट अंतरावर 27, उंचीइतक्याच अंतरावर 45. शेवटच्या जागेवरून उभ्या रेषा वर जुळत जाताना दिसतात आणि मनोरा मागे पडतोय असं वाटतं. निसर्गचित्राला ही जागा नको.

सज्जांच्या वर्तुळांचं मापही याच अंशांवरून निघतं. वर्तुळ लंबगोल दिसतं, आणि त्याच्या उभ्या व्यासाचं आडव्या व्यासाशी प्रमाण 10 अंशांवर 0.17, 20 अंशांवर 0.34, 30 अंशांवर 0.5. सगळे सज्जे एकाच बाकाचे काढले की मनोरा दुर्बिणीतून पाहिल्यासारखा चपटा होतो. सरळ रेघांनी काढले तर चौकोनी खांब होतो.

रंग : मिनाराचा फिकट गुलाबी-गेरवी लाइट रेड, यलो ऑकर आणि पांढऱ्यात. डोंगर अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या राखाडीत.

16 डिसेंबर

सकाळचं धुकं. मिनार आणि डोंगर यांत अंतर थोडं, त्यामुळे स्वच्छ हवेत दोघांचे गडदपण जवळजवळ सारखे येतात आणि मिनार डोंगराला चिकटतो. धुक्यात डोंगर दोन पायऱ्या उजळ झाला आणि मिनार सुटा झाला. धुकं नसलेल्या दिवशी ही फारकत निळ्या रंगानं ओढून आणायची नाही, खोटी दिसते. त्याऐवजी मिनाराची उन्हाची कड धारदार ठेवायची आणि सावलीची कड डोंगरात विरघळू द्यायची. दोन्ही कडा सारख्या धारदार केल्या की मनोरा कात्रीनं कापून डकवल्यासारखा वाटतो.

थंडीत जवसाचं तेल सावकाश वाळतं. अंबर लवकर वाळतो, कॅडमियम आणि टायटॅनियम रेंगाळतात. दीपमाळेच्या ज्योती अजून ओल्या.

12 जानेवारी 2025

गढी. खाली चार-पाच हात घडीव दगड, वर पांढऱ्या मातीचा बुरूज. पावसानं मातीत उभ्या घळी पाडल्या आहेत. फुटलेल्या बाजूला भिंतीचं पोट दिसतं : मातीत भुसा, खापऱ्या, मध्येच एखादा गोटा. भेगेत पिंपळाचं रोप.

गावोगावच्या गढ्या पावसानं खचल्या तशा माणसांनीही नेल्या. माळवदावर टाकायला पांढरी माती लागायची आणि ती गढीत आयती मिळायची. वाड्याचा बुरूज असा गावाच्या छपरांवर वाटला गेला. मनोऱ्याच्या प्रतीकाचं हे रूप युरोपच्या चित्रांत सहसा सापडत नाही. तिथला पडका बुरूज काळ खातो. इथला गावानं खाल्ला, आणि त्यात दुःखापेक्षा उपयोग जास्त आहे. म्हणून कॉन्स्टेबलची चीर घेतली, पण चिरेतून नुसतं आभाळ न दाखवता मागच्या घरांची माळवदं दाखवली, बुरुजाच्याच रंगात. हा फलक मालिकेचा कणा आहे असं वाटतं.

काम : रॉ अंबर, पांढरा, किंचित यलो ऑकर. घळींसाठी आधी गडद पातळ थर, तो वाळल्यावर सुरीनं घट्ट उजळ रंग वरून खाली ओढायचा. सुरी आडवी फिरवली तर माती दगडासारखी थरांची दिसते. पातळ थरावर तेलकट थर हा क्रम पाळायचा, नाहीतर वर्षभरात रंगालाच भेगा पडतात आणि त्या भेगा गढीच्या नसतात. पिंपळाचं रोप हिरवंगार करायचं नाही. एवढ्याशा हिरव्यानं सगळी नजर तिकडे जाते.

27 जानेवारी

नळदुर्ग, उपळ्या बुरूज. पायऱ्यांनी वर गेलं की माथ्यावर लांब तोफा, आणि खाली बोरी नदीचं पाणी, तटाची वळणं, पुढे रब्बीची ज्वारी.

या फलकात मनोरा दिसतच नाही, कारण पाहणारा त्याच्यावर उभा आहे. पहारेकऱ्याची नजर दाखवायची तर पहारेकऱ्याच्या जागी जावं लागतं. डोळा जमिनीपासून 1.5 मीटरवर असेल तर सपाट जागी क्षितिज सुमारे 4.4 किलोमीटरवर, 25 मीटरवर असेल तर जवळपास 18 किलोमीटरवर. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून त्याला 3.57 नं गुणलं की किलोमीटर मिळतात. म्हणून आडवा फलक, क्षितिज वरच्या चौथ्या भागात, आणि तळाला कठड्याची गडद पट्टी व तोफेची पाठ. कठडा नसेल तर दृश्य डोंगरावरून पाहिल्यासारखं होतं, सत्तेचा भाव निघून जातो.

वरून पाहताना शेतांचे बांध क्षितिजाकडे दाटत जातात. पुढच्या पट्ट्या रुंद, मागच्या अगदी बारीक. मागच्या पट्ट्या रुंद राहिल्या की जमीन उभी राहते आणि चित्र नकाशासारखं वाटतं. ज्वारीचा रंग दूर जाताना नुसता फिका करून चालत नाही, त्यातला पिवळा कमी करत न्यावा लागतो.

9 फेब्रुवारी

पाण्याची टाकी. गावाजवळ येताना आज सगळ्यांत आधी दिसते ती टाकी. देवळाचा कळस नंतर. खांबांवर 12 ते 15 मीटर उंच, वर गोल हौद, बाजूला लोखंडी शिडी. दुष्काळी मुलखात पाणी साठवणारा मनोरा म्हणजे दिलेला शब्द. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टाक्या तेव्हाही जागेवरच उभ्या होत्या. म्हणून चित्रात एक गोष्ट कळलीच पाहिजे : टाकीत पाणी आहे की नाही.

हे अक्षरं न लिहिता सांगता येतं. भरत्या टाकीच्या तळाला ओल असते, जादा पाण्याच्या नळाखाली शेवाळाचा हिरवा-काळा ओघळ असतो. कोरड्या टाकीवर तोच ओघळ क्षारांनी पांढरा पडतो, सिमेंट सगळीकडे सारखं फिकट दिसतं. बाहेर पाणीपातळीची पट्टी असेल तर तिचा काटा उलटा चालतो. आतला तरंगता डबा वर गेला की दोरीला बांधलेला बाहेरचा काटा खाली येतो. काटा वर म्हणजे टाकी रिकामी. आमच्या फलकात काटा वर, ओघळ पांढरा, आणि टाकीच्या सावलीत रांगेत ठेवलेले रंगीत प्लॅस्टिकचे हंडे. माणसं नाहीत, कारण रांगेत हंडे ठेवून माणसं कामाला जातात.

सावलीची जागा नेमकी हवी. एप्रिल-मेमध्ये दुपारी बाराच्या सुमाराला हौदाची सावली खांबांच्या आसपासच पडते. हंडे त्याच सावलीत हवेत. सावली लांब काढली की वेळ संध्याकाळची होते आणि उन्हाचा दाह जातो. आभाळ कोबाल्ट ब्लूचं शुद्ध निळं नको. फेब्रुवारीपासून धूळ चढते, म्हणून क्षितिजाजवळ यलो ऑकर आणि थोडा लाइट रेड मिसळलेला पांढरा.

जलरंगाच्या टिपणांबद्दल : या हवेत आभाळाचा हात पूर्ण व्हायच्या आतच कड वाळते आणि पट्टा राहतो. 300 ग्रॅमचा कागद दोन्ही बाजूंनी भिजवायचा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब, आणि मनोऱ्याची जागा कोरडी न सोडता आभाळ सलग मारायचं. मनोरा आभाळापेक्षा गडद असेल तर तो नंतर वरून येतोच. जागा सोडून आभाळ मारलं की मनोऱ्याभोवती पांढरी किनार उरते.

22 फेब्रुवारी

परळीच्या चिमण्या. 2013 मध्ये पाण्याअभावी तिथले संच बंद पडले होते. धूर असला की चिमणी कारखाना असते आणि वारा कुठला तेही सांगते. धूर काढून घेतला की ती विजयस्तंभासारखी नुसती उभी राहते. फलक धुराविना. टाकीच्या फलकाशेजारी लावला तर दोन्ही एकमेकांना बोलतात. बाकी यात फारसं अवघड काही नाही. दूरच्या चिमण्यांची जाडी जवळच्या खांबांच्या मानानं बारीक ठेवणं, एवढंच.

8 मार्च

सगळे फलक हाताला कोरडे. शेवटचं वार्निश आत्ता नाही. गढीवरचा सुरीचा रंग आतून ओला आहे, त्याला किमान सहा महिने द्यायचे. तोवर मातकट पडलेल्या गडद जागांवर, मुख्यतः दीपमाळेच्या आभाळावर, रिटच वार्निशचा (रंग पुरता वाळायच्या आधी देता येणारं तात्पुरतं वार्निश) एक पातळ हात.

मांडणीचा क्रम : चांदमिनार, नळदुर्ग, गढी, दीपमाळ, टाकी, चिमण्या. फलकांचे मध्य एका ओळीत घेण्याची नेहमीची पद्धत इथे वापरायची नाही. जमिनीवर उभं राहून पाहिलेल्या पाच चित्रांची क्षितिजं भिंतीवर एकाच उंचीला, 150 सेंमीवर, म्हणजे साधारण पाहणाऱ्याच्या डोळ्याला. तसं केलं की दीपमाळेचे थर आणि टाकीचा हौद खरोखर मान वर करून पाहिल्यासारखे वाटतात. नळदुर्गच्या फलकाचं क्षितिज 170 वर न्यायचं, त्याचा कठडा छातीच्या आसपास येईल. दीपमाळेवर थेट दिवा टाकायचा नाही. बाजूनं, बाकीच्यांच्या निम्म्या उजेडात, नाहीतर आभाळाची पायरी 3 वरून 5 वर चढते आणि पणत्या मंद पडतात.

प्रत्येक फलकाखालच्या पट्टीवर तीनच गोष्टी लिहायच्या : क्षितिज कुठे आहे, उजेड कुठून येतो, पाहणारा कुठे उभा आहे.